दुकानातल्या नोकरीची स्वभाव-टेस्ट: लिंक आल्यापासून मुलाखतीपर्यंत

सुपरमार्केट, कपड्यांचं शोरूम, मोबाइल-टीव्हीचं मोठं दुकान. अशा ठिकाणी अर्ज केला की आता थेट बोलावणं येईलच असं नाही. आधी मोबाइलवर एक लिंक येते. ती उघडली की विधानं सुरू होतात: ‘मला नियम पाळायला आवडतं’, ‘संधी मिळाली तर बहुतेक लोक चोरी करतात’, ‘गर्दीत माझी चिडचिड होते’. खाली पाच गोल, ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत. गणित नाही, सामान्य ज्ञान नाही, पाठ करण्यासारखं काहीच नाही. पोलीस भरती आणि तलाठी भरतीची वर्षानुवर्षं तयारी केलेली पोरं नेमकी इथेच अडतात. त्यांना एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असण्याची सवय असते.

मी तालुक्याच्या गावी अभ्यासिका चालवतो. त्याआधी काही वर्षं एका साखळी दुकानात फ्लोअर सांभाळला आणि भरतीच्या वेळी याच टेस्टचे रिपोर्ट समोर ठेवून मुलाखती घेतल्या. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: आपल्याकडच्या पोरापोरींचं नुकसान खोटं बोलण्यानं कमी होतं आणि भिडस्तपणानं जास्त. ‘हे मला चांगलं जमतं’ असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. म्हणून प्रत्येक विधानाला मधला गोल. समोर माणूस असता तर त्याला तुमची भीड कळली असती. टेस्टला कळत नाही.

टेस्ट शोधते काय

दुकान चालवणाऱ्याला चार गोष्टींची धास्ती असते: माल कमी भरणं, गिऱ्हाइकाशी भांडण, न सांगता दांडी, आणि शिकवून तयार केलेला माणूस दोन महिन्यांत सोडून जाणं. पहिल्या गोष्टीला धंद्यात ‘श्रिंकेज’ म्हणतात. कॉम्प्युटर म्हणतो शंभर साबण, रॅकवर मोजले तर चौऱ्याण्णव. त्या सहांपैकी काही गिऱ्हाइकानं उचललेले, काही स्टाफनं, काही फुटलेले, काहींची एंट्रीच चुकलेली. टेस्टमधलं जवळपास प्रत्येक विधान या चारपैकी कुठल्या तरी धास्तीतून आलेलं असतं. वाचल्यावर ‘हे कोणत्या धास्तीचं?’ एवढं स्वतःला विचारा, अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मोठे पैलू धरतात: शिस्त आणि जबाबदारी, मिळून-मिसळून वागणं, बोलकेपणा, ताणात डोकं थंड राहणं, आणि नवं शिकण्याची ओढ. बऱ्याचशा टेस्ट या पाचांभोवती बांधलेल्या असतात. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या अमेरिकी अभ्यासकांनी १९९१ साली तोवरच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून दाखवलं की यातली शिस्त-जबाबदारी जवळपास सगळ्याच कामांत उपयोगी पडते, आणि बोलकेपणाचा फायदा मुख्यतः विक्रीच्या व व्यवस्थापनाच्या कामात होतो. हा संबंध तसा माफकच आहे. टेस्टवरून माणसाचं भविष्य कळतं असं कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. आपल्यापुरतं यातून एवढं घ्यायचं की वेळ, हिशेब, नियम, हाती घेतलेलं काम पूर्ण करणं यांवरच्या विधानांना ढिलं उत्तर द्यायचं नाही.

लिंक उघडण्याआधी

पहिलं काम, लिंक खरी आहे का ते पाहणं. नोकरीच्या नावाखाली फसवणारे याच वाटेनं येतात. टेस्ट फी, रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म डिपॉझिट, ट्रेनिंग किट यांपैकी कशाच्याही नावानं पैसे मागितले की तो विषय तिथेच संपला. खरी दुकानं टेस्टचे पैसे घेत नाहीत. व्यक्तिमत्त्व टेस्टला तुमचा ओटीपी, बँक खातं, यूपीआय पिन यांची काहीच गरज नसते. शंका आली तर कंपनीच्या वेबसाइटवरचं करिअरचं पान उघडा, नाहीतर जिल्ह्याच्या गावी त्यांचं दुकान असेल तिथे जाऊन काउंटरवर विचारा. ‘आमच्याकडून लिंक जाते का?’ याचं उत्तर तिथला माणूस एका वाक्यात देतो. पैसे गेलेच असतील तर लाजून घरी बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळणं अवघड.

दुसरं, नेट कॅफेवाल्याला किंवा सेतूवाल्या दादाला टेस्ट भरायला देऊ नका. फॉर्म भरून घ्या, फोटो-सही अपलोड करून घ्या, पण टेस्ट तुमचीच. तो दिवसभर दहा जणांचे फॉर्म भरतो, तुमच्या टेस्टमध्येही तो सरसकट ‘सहमत’ मारून मोकळा होतो. सगळ्याला सहमत म्हणजे ‘मी वेळेवर येतो’ यालाही सहमत आणि ‘मला उशीर होतो’ यालाही सहमत. असा रिपोर्ट माणसाच्या हातात पोचण्याआधीच बाजूला पडतो.

बाकी तयारी साधी. गावात रेंज कुठे टिकते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिथे, एकटे, सकाळी बसा. बॅटरी भरलेली, लाइट जायची वेळ टाळलेली. मधेच फोन आला की काही टेस्ट बंद पडतात, म्हणून कॉल येणार नाहीत अशी सेटिंग करा. काही टेस्ट समोरचा कॅमेरा चालू ठेवतात, तेव्हा मागून भाऊ-बहिणी डोकावायला नकोत. लिंकची मुदत आधी वाचा. मुदतीच्या शेवटच्या रात्री, लग्नघरातून, दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर टेस्ट देणारे मी पाहिलेत. त्यांचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

डोळ्यांचा, ऐकण्याचा किंवा हाताचा त्रास असेल आणि टेस्टला घड्याळ लावलेलं असेल, तर सुरू करण्याआधीच ईमेल करून जास्त वेळ मागा. नंतर सांगून उपयोग होत नाही.

भाषा कोणती निवडायची

मराठी, हिंदी, इंग्रजी असा पर्याय आला तर मराठीच घ्यावी असं वाटणं साहजिक आहे. पण या टेस्टची मराठी बऱ्याचदा मशीननं भाषांतर केलेली असते. ‘मी क्वचितच कामं अपूर्ण ठेवत नाही’ असलं वाक्य समोर आलं की भले भले गडबडतात. सराव किंवा नमुन्याचे प्रश्न सुरुवातीला देत असतील तर ते पाहूनच भाषा ठरवा. आपल्याकडे हिंदी कानावरून गेलेली असते, काही वेळा हिंदी आवृत्ती जास्त सरळ असते.

उलटसुलट वाक्य आलं तर दोन नकार कापा आणि उरलेलं आपल्या बोलीत म्हणा. ‘मला गर्दीत काम करायला त्रास होत नाही असं नाही’ म्हणजे ‘मले गर्दीत त्रास होते’. आता बोला, होते का? मनात वऱ्हाडीत म्हटलं की विधान पकडीत येतं. घाईत वाचलेला एक ‘नाही’ अख्खं उत्तर फिरवतो, आणि असे दोन-चार उलटे पडले की रिपोर्टमध्ये तुम्ही स्वतःशीच भांडताना दिसता.

दुकानात दोन तास, वहीत दोन पानं

अर्ज कोणत्या कामाचा आहे ते नीट वाचा. कॅशियर, फ्लोअरवरचा सेल्समन, मागच्या गोदामातला स्टॉकचा माणूस, सिक्युरिटी: चौघांकडून वेगवेगळ्या अपेक्षा. कॅशियरकडून हिशेब आणि शांत डोकं, फ्लोअरवर बोलणं आणि पायांवर उभं राहणं, स्टॉकला नेटकेपणा आणि ताकद. नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर, जे जवळ असेल तिथल्या दुकानात शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी दोन तास नुसतं फिरा. बिलिंगची रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढते तेव्हा कॅशियर काय करतो, टॅग सापडला नाही की कुणाला हाक मारतो, लहान पोरानं बरणी फोडली की कोण धावतं, हे बघा. टेस्टमधले प्रसंग या दोन तासांतूनच उचललेले असतात.

मग वही घ्या. ‘मला अनुभव नाही’ असं म्हणणाऱ्याकडूनही मी दोन पानं लिहून घेतो. गणेश मंडळाची वर्गणी कुणी सांभाळली? बचत गटाच्या मीटिंगला आईबरोबर जाऊन रजिस्टर कुणी लिहिलं? लग्नात वाढपी कमी पडले तेव्हा बुंदीची बादली कुणी उचलली? जिनिंगवर गाडी लावून काट्याची पावती कुणी तपासली? रेशनच्या रांगेत म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता तेव्हा दुकानदाराशी कोण बोललं? प्रसंग, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. तीन ओळी पुरेत.

दारव्ह्याकडचा एक पोरगा टेस्टच्या मधोमध मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आला. स्क्रीनवर विधान होतं, ‘मला अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं’. तो म्हणाला, ‘सर, आमच्या गावात अनोळखी मानूसच नाई. काय टिक करू?’ आणि बोट मधल्या गोलावर. उत्तर मी सांगितलं नाही, ते त्याचं त्यानंच द्यायचं होतं. फक्त विचारलं, मंगळवारी बाजारात तुझ्या बाबाच्या पालावर कोण बसतं? तोच बसायचा. सकाळपासून अंधार पडेपर्यंत वांगी, सांभार (कोथिंबीर), हिरव्या मिरच्या, आणि समोर पंचवीस खेड्यांची माणसं. ‘भाव करणाऱ्या बाया येतात त्याहीशी बोलतोस का?’ तर म्हणे, ‘त्याहीशीच तं जास्त बोला लागते.’ क्षणभर थांबला आणि बोट स्वतःच उजवीकडे सरकवलं. खोटं त्यात काही नव्हतं. आपलं रोजचं काम म्हणजे ‘अनोळखी लोकांशी बोलणं’ हे त्याला कधी कुणी म्हटलंच नव्हतं.

वही त्यासाठी. प्रत्येक विधानाला ‘माझ्या वहीत याचा दाखला आहे का?’ असं विचारा. दाखला आहे तर शेवटच्या टोकाचा गोल, थोडाफार आहे तर त्याच्या आतला.

सहमत-असहमतचे प्रश्न

पाच गोलांची ही पद्धत अमेरिकेतल्या रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. मधला गोल त्यात ‘सांगता येत नाही’साठी आहे, नम्रपणासाठी नाही. पन्नास विधानांपैकी चार-पाचांना मधला गोल ठीक. वीस-पंचवीसांना दिला तर रिपोर्टवर सपाट रेघ येते. मुलाखत घेताना अशी सपाट रेघ समोर आली की आम्ही सरळ पुढचा कागद घ्यायचो. तो पोरगा वाईट असायचा असं नाही, त्याच्याबद्दल काही कळायचंच नाही.

उत्तर देताना ‘मी कामावर असताना’ हे शब्द मनातल्या मनात विधानाच्या आधी जोडा. घरी तुम्ही कपडे इकडेतिकडे टाकत असाल. विधान ‘मी नीटनेटका आहे’ असं असेल तर ते पालावरची भाजी लावताना, रजिस्टर लिहिताना तुम्ही कसे असता याबद्दल आहे. घरातल्या चिडचिडीचा हिशेब इथे मांडायचा नाही.

आता टोकाच्या दुसऱ्या बाजूचा सापळा. ‘मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही’, ‘मला कधीच कुणाचा राग येत नाही’, ‘मी कधीच कुणाबद्दल वाईट बोललो नाही’. ही विधानं मुद्दाम पेरलेली असतात. १९६० साली डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो या मानसशास्त्रज्ञांनी अशा ३३ विधानांची एक मोजपट्टी केली होती. माणूस स्वतःला किती चांगलं दाखवायला पाहतो ते तिच्यातून कळतं. आजच्या अनेक टेस्टमध्ये तिची भावंडं असतात. ‘कधीच’, ‘नेहमीच’, ‘सगळेच’ दिसलं की सावध व्हा. राग कुणाला येत नाही? तिथे ‘असहमत’ म्हणणं हाच शहाणपणा. यावर काही जण विचारतात की मग ‘मी नेहमी वेळेवर येतो’ यालाही असहमत म्हणायचं का. नाही. वेळेचा दाखला वहीत असेल तर ‘सहमत’ म्हणा आणि पुढे जा. वेळ पाळणारी माणसं खरोखर असतात, खोटं कधीच न बोललेला माणूस नसतो.

एकच गोष्ट दोन-तीनदा वेगळ्या शब्दांत विचारतात. बाराव्या विधानात ‘मला टीममध्ये काम करायला आवडतं’, सदतिसाव्यात ‘एकट्यानं काम केलं की माझं काम चांगलं होतं’. मागचं काय दिलं होतं ते आठवत बसू नका, त्यात वेळ जातो. उत्तर खऱ्या दाखल्यावरून दिलेलं असेल तर ते आपोआप जुळतं.

सगळेच चांगले, त्यातलं एक निवडा

काही टेस्ट चार वाक्यं देतात: ‘मी काम वेळेत संपवतो’, ‘मी सगळ्यांशी जुळवून घेतो’, ‘मी नव्या युक्त्या शोधतो’, ‘दडपणात मी शांत असतो’. यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त लागू पडणारं एक आणि सगळ्यात कमी लागू पडणारं एक निवडायचं. चारही चांगलीच, म्हणून फुशारकी मारायला जागा नसते. इथे कामाकडे बघा. कॅशियरसाठी अर्ज असेल आणि वहीत दाखला असेल तर ‘वेळेत’ किंवा ‘शांत’ यांतलं एक वर, ‘नव्या युक्त्या’ खाली. एखादं खाली टाकलं म्हणजे तो गुण तुमच्यात नाही असा कुणी अर्थ काढत नाही. असे बरेच संच येतात आणि त्यांची गोळाबेरीज होते, तेव्हा एका संचावर डोकं धरून बसू नका.

चोरीचे प्रश्न

अमेरिकेत पूर्वी दुकानं नोकरी देण्याआधी लाय डिटेक्टर, म्हणजे खोटं पकडायचं यंत्र, लावायची. १९८८ च्या कायद्यानं बहुतेक खाजगी मालकांना ते बंद करावं लागलं आणि कागदावरच्या प्रामाणिकपणाच्या टेस्टचं पीक आलं. आपल्याकडे येणाऱ्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे.

‘तुमच्या मते किती लोक कामावरून छोट्या वस्तू घरी नेतात?’ या प्रश्नात आपली पोरं हमखास फसतात. पारावर बसून ‘सगळेच खातात बाप्पा, कोन नाई खात?’ म्हणायची आपल्याला सवय. ठेकेदार खातो, रेशनवाला खातो. त्या सवयीनं इथे ‘बहुतेक सगळे’ टिक केलं जातं. टेस्ट बनवणाऱ्यांचं गृहीतक मात्र असं आहे की ज्याला चोरी सर्वसाधारण वाटते, त्याचा स्वतःचा हात आखडण्याची शक्यता कमी. गृहीतक प्रत्येकाला लागू पडतं असं मी म्हणणार नाही. गावच्या राजकारणावरचा राग आणि चोरीची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून प्रश्न पारावरून न वाचता तुमच्या ओळखीच्या, तुमच्याबरोबर राबलेल्या माणसांवरून वाचा. बरोबर कापूस वेचणाऱ्या बायांपैकी किती जणींनी कधी ओटीत कापूस लपवून नेला? उत्तर फारच लहान येतं, आणि ते खरं असतं.

‘सहकाऱ्यानं काउंटरवरचं चॉकलेट न विचारता खाल्लं, तर?’ रक्कम पाच रुपयांची असली तरी दुकानाच्या हिशेबात तो मालच. आरडाओरडा नको, दुर्लक्षही नको; त्याला सांगीन आणि पुन्हा दिसलं तर सुपरवायझरला कळवीन, किंवा थेट कळवीन, असे पर्याय साधारण चालतात. ‘मागच्या नोकरीत तुम्ही काही नेलं होतं का?’ असं विचारलं तर खरं ते सांगा, पण नसलेलं अंगावर ओढूनही घेऊ नका. किराणा दुकानात मालकानं दिलेला चहा-बिस्किट ही चोरी नसते, इतकं भिडस्त होण्याचं कारण नाही.

‘अशा वेळी तुम्ही काय कराल?’

माझ्या मते टेस्टचा हा भाग सगळ्यात न्याय्य आहे, आणि तयारीचा उपयोगही इथेच जास्त होतो. प्रसंग देतात, चार पर्याय देतात, कधी सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट असे दोन्ही विचारतात.

रॅकवरच्या टॅगवर ९९ रुपये, बिलात ११९. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोलतंय, मागे रांग. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे तोच भाव’ म्हणणं वाईट. स्वतःच्या मनानं ९९ ला देऊन टाकणं दयाळू वाटतं, पण कॅशियरला तो अधिकार नसतो. माफी मागून टॅग तपासायला माणूस पाठवणं, सुपरवायझरकडून भाव ठरवून घेणं आणि तोवर पुढच्याचं बिल सुरू करणं, असं ज्या पर्यायात असेल तो घ्या.

रॅक भरताय, हातात खोकं आहे, आणि एक आजी विचारते, ‘बाबू, हे साबूदाना कुठं हाय?’ खोकं खाली ठेवायचं आणि आजीला तिथपर्यंत न्यायचं. हाताचं काम आधी पूर्ण करीन हा पर्याय शिस्तीचा वाटून बरेच जण निवडतात. दुकानात गिऱ्हाईक आधी.

कुणी पिशवीत काही घालताना दिसलं. आपली तरणी पोरं छाती काढून ‘पकडून जाब विचारीन’ टिक करतात. बहुतेक दुकानांत ते सगळ्यात वाईट उत्तर. संशय चुकला तर बदनामी, बरोबर निघाला तर मारामारी. नजर ठेवून सिक्युरिटीला किंवा सुपरवायझरला सांगायचं, एवढंच तुमचं काम.

बिलिंगला नात्यातलं माणूस येतं आणि हळूच म्हणतं, ‘दोन तेलाच्या पिशव्या तशाच जाऊ दे.’ हा प्रसंग खेड्यातून आलेल्यासाठी खरा जड आहे, कारण जिल्ह्याच्या गावी दर दहावं गिऱ्हाईक कुठून तरी मामा लागतं. स्कॅन न करता ओळखीच्या माणसाला माल सोडणं याला धंद्यात ‘स्वीटहार्टिंग’ म्हणतात, आणि कॅशियरची नोकरी जाण्याचं ते मोठं कारण आहे. टेस्टमध्ये ‘नम्रपणे नकार’ टिक करा, आणि खऱ्या मामाला काय सांगायचं तेही आत्ताच ठरवून ठेवा.

वरिष्ठच चुकीचं सांगतो असाही प्रसंग येतो: मुदत संपत आलेल्या पाकिटांवरची तारीख झाकून पुढे लाव. इथे टेस्ट आज्ञाधारकपणा बघतेय असं वाटतं आणि पोरं ‘सांगितलं तसं करीन’ निवडतात. मुदतीची तारीख लपवणं कायद्यातही बसत नाही. नकार द्यायचा आणि त्याच्या वरच्याला कळवायचं.

मी पोरांना एवढंच सांगतो: पैसा, चोरी, सुरक्षितता आणि कायदा यांचा संबंध आला की वर कळवा, बाकी ठिकाणी आधी स्वतः हात घाला. प्रत्येक गोष्टीत ‘सुपरवायझरला विचारीन’ म्हणणाराही दुकानाला नको असतो.

सण, शिफ्ट आणि शेवटची एसटी

मूल्यांच्या भागात विचारतात: ‘कुटुंबाच्या कार्यक्रमापेक्षा मी कामाला महत्त्व देतो’, ‘सणासुदीला काम करायला माझी तयारी आहे’, ‘मी कोणत्याही शिफ्टला येऊ शकतो’. इथे टेस्ट जिंकून नोकरी हरणारे खूप. सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीचा सेल एकाच वेळी येतात. पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते आणि घरी माणूस मिळत नाही. दुकानात त्या दिवसांत सुट्टी मागणं म्हणजे लग्नाच्या दिवशी आचाऱ्यानं रजा टाकणं. घरी आधी बोला. सोंगणीला मजूर लावायचा का, पोळ्याच्या दोन दिवसांपैकी मोठा पोळा सोडून तान्ह्या पोळ्याला सुट्टी चालेल का, हे आई-बाबांशी ठरलं की मग गोल निवडा. ‘सणाला काम करीन, पण आधी कळलं तर अदलाबदलीनं सुट्टी घेईन’ अशा अर्थाचा पर्याय असला तर तोच सगळ्यात खरा.

शिफ्टचंही तसंच. रात्री साडेनऊला शटर, कॅश जुळवून बाहेर पडायला दहा, आणि गावाकडची शेवटची एसटी कधीचीच गेलेली. खोली घ्यायची, मित्राबरोबर राहायचं, की सकाळची शिफ्टच मागायची, हे ठरल्याशिवाय ‘कोणतीही शिफ्ट’ टिक करू नका. पोरींनी एक लक्षात ठेवा: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईमाणसाला सकाळी ७ ते रात्री ९.३० या वेळेबाहेर कामाला लावायचं तर तिची संमती हवी, आणि सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकानं करायची असते. ‘रात्री उशिरापर्यंत तयारी आहे का?’ याला ‘पोचवण्याची सोय असेल तर हो’ हे उत्तर मुलाखतीत ताठ मानेनं द्या. त्याच कायद्यानुसार आठवड्याची सुट्टीही हक्काची आहे.

विचारू नये ते विचारलं तर

जात, देवधर्म, लग्न कधी करणार, मूल कधी, मानसिक आजाराची औषधं घेता का. दुकानातल्या कामाशी यांचा संबंध नाही. अमेरिकेत ‘टार्गेट’ या साखळी दुकानानं सुरक्षारक्षकांच्या भरतीत धर्मश्रद्धा आणि लैंगिक आयुष्यावरची विधानं असलेली टेस्ट वापरली होती. तिच्यावर खटला झाला आणि १९९१ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं म्हटलं की असले प्रश्न विचारायचे तर त्यांचा कामाशी संबंध दाखवावा लागेल. वरच्या २०१७ च्या कायद्यातही भरतीत बाईशी भेदभाव करायला मनाई आहे.

‘सांगू इच्छित नाही’ असा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पुढे जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. गरज मोठी असते हे मला कळतं, म्हणून ‘अशी नोकरी करूच नका’ असं मी म्हणणार नाही. ‘मी अनेकदा उदास असतो’ हे विधान मात्र वेगळं, ते जवळपास सगळ्या टेस्टमध्ये असतं आणि कामावरच्या ताणाबद्दल असतं. ते कामाच्या संदर्भातच वाचा.

टेस्टनंतर

पास झालात तर मुलाखत घेणाऱ्याच्या हातात तुमचा रिपोर्ट असतो आणि तो त्यातूनच विचारतो: ‘दडपणात शांत राहता असं लिहिलंय, एखादा प्रसंग सांगा.’ इथे वही पुन्हा कामाला येते. ‘हो सर, मी शांत राहतो’ हे उत्तर होत नाही. ‘गणपतीच्या जेवणाला दोनशे पानं धरली होती, तीनशे माणूस आलं. मी पंगत थांबवली नाही, भाताचा दुसरा हंडा चढवायला लावला आणि तोवर वरण-पोळी वाढत राहिलो’, हे उत्तर झालं. बोली लपवायची गरज नाही. दुकानात येणारी आजी तीच बोली बोलते. हिंदीत विचारलं तर हिंदीत सांगा, तुटकी असली तरी चालते.

नापास झालात तर बहुधा एक ठरावीक मेसेज येतो, कारण सांगत नाहीत. दुसरा नंबर घेऊन त्याच कंपनीत लगेच पुन्हा टेस्ट देऊ नका. आधार, जन्मतारीख यांवरून नाव जुळतं आणि मग संशय येतो. काही महिने जाऊ द्या, मधल्या काळात दुसऱ्या साखळीत अर्ज करा. एका दुकानानं नाकारलेला पोरगा दुसऱ्यानं घेतला, हे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना पाहिलंय. आणि खरोखरच लोकांशी बोलणं नको वाटत असेल तर ते टेस्टमध्ये झाकू नका. गोदामाचं, माल मोजण्याचं, पॅकिंगचं काम मागा. फ्लोअरवर दिवसाचे आठ तास हसतमुख राहण्याचं सोंग महिनाभरही टिकत नाही.

टेस्टशिवायचे रस्तेही आहेत. राज्याचं महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही पोर्टलवर नाव नोंदवा. अप्रेंटिसशिपच्या योजनेतून दुकानातलं काम शिकता शिकता स्टायपेंड मिळतो. आणि जिल्ह्याच्या गावी नवीन दुकान उघडणार असेल तर उद्घाटनाआधीच बाहेर भरतीचा फ्लेक्स लागतो, तेव्हा पन्नासेक माणसं एकदम घ्यायची असतात. बायोडाटा, मार्कशीटच्या झेरॉक्स आणि वही घेऊन सकाळीच जा. मूळ मार्कशीट दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका. तिथेही टेस्ट असली तर बहुधा टॅबवर घेतात, आणि एखादं वाक्य कळलं नाही तर विचारायला शेजारी माणूस असतो. त्याला विचारा.